हागारेचे आख्यान बसवताना

माझ्या धाकट्या मुलीचा बाप्तिस्मा झाला तो रविवार मला दोन प्रश्नांमुळे लक्षात राहिला आहे. पाळकसाहेबांनी तिला हातांवर घेतले, पाण्यात बोटे बुडवण्याआधी आमच्याकडे पाहिले आणि विधीप्रमाणे विचारले, "या बालकाचे नाव काय?" आम्ही दोघांनी मिळून नाव सांगितले, आणि त्या नावाने ती मंडळीच्या स्वाधीन झाली. उपासना संपल्यावर नोंदवही भरताना, मला दहा वर्षे ओळखणाऱ्या आणि मुलांवर मनापासून माया करणाऱ्या एका वडीलधाऱ्या भाऊंनी लेखणी थांबवून माझ्या पतीला विचारले, "आणि मम्मीचं नाव काय लिहू?" मी शेजारीच उभी होते. त्यांच्या प्रश्नात अनादर मुळीच नव्हता. थोरल्याच्या जन्मापासून, म्हणजे पाच वर्षे, आवारात सर्वजण मला त्याची मम्मी म्हणूनच हाक मारत होते आणि त्या हाकेला मी आनंदाने ओ देत होते. तरीही घरी येईपर्यंत मी गप्प होते, कारण तो प्रश्न मला चुकीचा वाटला नव्हता. त्याचे उत्तर माझ्याकडून लगेच आले नाही, याने मी हादरले होते.

लग्नाआधी मी मराठी घेऊन एम.ए. केले होते, नगरमधल्या एका शाळेत सहा वर्षे शिकवले होते आणि तरुण संघाच्या भजनी पथकात पेटी वाजवत असे. धाकटीच्या वेळी नोकरी सोडण्याचा निर्णय माझाच होता, आणि आजही मला त्याचा पश्चात्ताप नाही. घरात प्रेम होते, पती समजूतदार, सासूबाई मदतीला. म्हणूनच आतल्या रितेपणाविषयी बोलायची मला लाज वाटे. त्यात आम्हा दोघांना पहिले मूल होण्यासाठी चार वर्षे वाट पाहावी लागली होती. सबंध मंडळीने आमच्यासाठी प्रार्थना केली होती. मागून घेतलेल्या लेकरांच्या आईने "मला माझी मी सापडत नाही" असे कोणत्या तोंडाने म्हणावे? ख्रिस्ती घरात वाढलेल्या बाईला हा पेच अधिक अवघड जातो असे मला वाटते, कारण तक्रार माणसांविरुद्ध राहत नाही, ती कृतघ्नतेच्या पापापर्यंत जाऊन पोचते.

या पेचाच्या मुळाशी आत्मत्यागाची शिकवण आहे, हे मला पुढे कळले. मार्काच्या शुभवर्तमानात प्रभू म्हणतो की ज्याला माझ्यामागे यायचे आहे त्याने आत्मत्याग करून आपला वधस्तंभ उचलावा. लहानपणापासून ऐकलेले हे वचन आई झाल्यावर मी असे वाचू लागले, की थकवा लपवावा, आवडीनिवडी विसराव्यात, आणि जितकी मी कमी उरेन तितकी मी चांगली आई ठरेन. मे महिन्यातल्या मातृदिनाच्या रविवारी नीतिसूत्रांचा ३१ वा अध्याय वाचला जातो, त्यातील सद्गुणी स्त्री रात्र असतानाच उठते आणि तिचा दिवा विझत नाही, यावर हमखास उपदेश होतो. तीच स्त्री शेत पाहून ते विकत घेते आणि आपल्या कमाईतून द्राक्षमळा लावते, हे त्याच अध्यायात असूनही, मी ऐकलेल्या उपदेशांत त्यावर कोणी थांबल्याचे मला आठवत नाही. आणि वधस्तंभाचे ते वचन प्रभूने शिष्यांबरोबर सगळ्या लोकसमुदायाला बोलावून सांगितले होते, केवळ त्यातल्या आयांना नव्हे, हेही मला कोणी सांगितले नाही आणि मी स्वतःही वाचले नाही.

बाप्तिस्म्यानंतर काही आठवड्यांनी मी माझी प्रार्थनेची वही उघडली. कॉलेजात असल्यापासून मी प्रार्थना लिहून काढते. जुन्या पानांवर भांडण होते, शंका होत्या, कवितेच्या ओळी होत्या, आणि जवळजवळ प्रत्येक वाक्याचा कर्ता "मी" होता. गेल्या पाच वर्षांची पाने वाचली तेव्हा त्यांवर लसी, खोकला, शाळाप्रवेश, पतीची बदली आणि सासूबाईंचे गुडघे होते. कर्ता कुठे "आम्ही", कुठे "लेकरे", आणि पुष्कळदा कोणीच नाही, नुसती मागण्यांची यादी. मी देवाशी रोज बोलत होते, पण मी स्वतः त्या बोलण्यात हजर नव्हते. मराठी शिकवलेल्या बाईला व्याकरणातून आपली अवस्था कळावी हे स्वाभाविकच होते, परंतु त्या रात्री मी फार रडले.

हे सर्व मी प्रथम आमच्या पाळकांच्या पत्नीला सांगितले. त्यांना आम्ही सगळ्या वहिनी म्हणतो. त्यांनी आधी मला झोप, भूक, रडणे, मुलीविषयी मनात येणारे विचार यांबद्दल नीट विचारले आणि डॉक्टरांकडे जाऊन यायला लावले, कारण बाळंतपणानंतरचे नैराश्य हा आजार असतो आणि त्यावर उपचार असतात, नुसत्या प्रार्थनेवर तो सोपवू नये, असे त्यांचे ठाम मत होते. डॉक्टरांनी रक्त कमी असल्याचे सांगून गोळ्या दिल्या, नैराश्याची लक्षणे नाहीत असे पाहून घेतले आणि महिन्याने पुन्हा बोलावले. मग वहिनी म्हणाल्या, "आता उत्पत्तीचा सोळावा अध्याय काढ. हागारेला नावानं पहिली हाक कुणी मारली ते शोध, आणि सापडलं की मला नुसतं सांगू नकोस, कीर्तन करून सांग."

कीर्तन हा शब्द ऐकून मला हसू आले नाही की आश्चर्य वाटले नाही. नगरच्या ख्रिस्ती माणसाला तो घरचा आहे. अमेरिकन मराठी मिशनचे काम येथे १८३१ मध्ये सुरू झाले, आणि पुढे याच भागात कृष्णाराव सांगळे व नंतर नारायण वामन टिळक यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट रुळवली. माझ्या लहानपणी नाताळाच्या आठवड्यात चर्चच्या आवारात सतरंज्या टाकून रात्री उशिरापर्यंत कीर्तन चाले. मात्र मी पाहिलेले सारे कीर्तनकार पुरुष होते. आम्ही मुली मागे उभ्या राहून ध्रुवपद धरायचो.

त्या दिवसांत मला सतत माझ्या आजीची आठवण येई. ती मिशनची बायबलबाई होती. खांद्याला पिशवी, पिशवीत शुभवर्तमानाच्या पुस्तिका, आणि रोज दोन-तीन खेडी पायी. चार मुले तिने वाढवली, त्यांतली दोन पाठीला आणि कडेला घेऊन. महिन्याचा पगार ती स्वतःच्या सहीने घेई, आणि सही करताना नाव पूर्ण लिही, एकही अक्षर न गाळता, कारण तिच्या आईला अंगठा उठवावा लागला होता. आईला स्वतःचे काही असावे ही शहरातल्या शिकलेल्या बायकांची नवी हौस आहे असे जेव्हा कोणी म्हणते, तेव्हा मला धुळीने भरलेल्या पायांची ती माझी आजी दिसते. आपले काम आणि आपली लेकरे यांची तिने कधी एकमेकांशी तुलना केली नसावी; दोन्ही तिला देवानेच दिली होती.

कीर्तन बसवायला मला वर्ष लागले. मार्च महिन्यातल्या पहिल्या शुक्रवारी जगभरच्या ख्रिस्ती स्त्रिया प्रार्थनादिन पाळतात. पुढच्या वर्षीच्या त्या दिवशी कीर्तन करायचे असे मी व वहिनींनी ठरवले. सर्वांत आधी पेटी माळ्यावरून काढली. भात्याला चीर गेली होती आणि मधल्या सप्तकातला एक सूर दाबल्यावर वर येत नव्हता. दुरुस्तीला पंधरा दिवस गेले. पेटी परत आल्यावर कळले की आवाजही पूर्वीचा राहिला नाही: जिथे मी काळी चारमध्ये सहज गात असे, तिथे आता पांढरी चारच्या वर गेले की गळा ओढला जात होता. पहिले दोन महिने मी फक्त खर्जाचे स्वर लावले, पहाटे पाच ते पाच चाळीस, स्वयंपाकघराचे दार लावून. या चाळीस मिनिटांसाठी घरात स्पष्ट बोलावे लागले, आणि ते बोलणे मला गाण्यापेक्षा कठीण गेले. पतीला मी म्हटले, की मुलगी उठली तर तू तिला घे, मला हाक मारू नकोस. तिला दूध हवे असेल तरच दार वाजव. त्यांनी लगेच होकार दिला. पुढचे आठ दिवस मीच तिच्या रडण्याने दार उघडून बाहेर येत होते आणि ते मला परत आत पाठवत होते. अडवणारे कोणी नसताना आपणच आपल्याला अडवतो, हे मी त्या आठ दिवसांत पाहिले.

मग संहितेला हात घातला. नारदीय पद्धतीचे कीर्तन म्हणजे आधी नमन, मग पूर्वरंगात मूळपद व निरूपण, मध्ये भजन आणि उत्तररंगात आख्यान. आख्यानासाठी उत्पत्तीचे १६ व २१ हे दोन अध्याय मी इतक्या वेळा वाचले की ते पाठ झाले, आणि वहिनींच्या प्रश्नाचे उत्तरही सापडले. धनीण साराय मिसर म्हणजे इजिप्त देशाच्या या हागारेला "माझी दासी" म्हणते, सारायचा पती अब्राम तिला "तुझी दासी" म्हणतो. ती ज्यांच्या घरात राबते, ज्यांच्यासाठी मूल पोटात वाढवते, त्या दोघांच्या तोंडी तिचे नाव एकदाही येत नाही. ती पळून रानातल्या झऱ्यापाशी येते तेव्हा परमेश्वराचा दूत प्रथम म्हणतो, "हागारे," आणि मग विचारतो, तू कोठून आलीस आणि कोठे जातेस. ती पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते: धनिणीपासून पळून चालले आहे. दुसऱ्याचे उत्तर ती देतच नाही. कोठे जातेस हे तिला ठाऊक नव्हते. हे वाचले तेव्हा मी पेटीवर हात ठेवून बराच वेळ बसून राहिले, कारण माझ्याकडेही पहिल्याच प्रश्नाचे उत्तर होते.

पुढे जे घडते ते अधिक विलक्षण आहे. आपल्याशी बोलणाऱ्या देवाला ती दासी स्वतः नाव देते: पाहणारा देव. विहिरीचे नावही त्यावरून बैर-लहाय-रोई पडते. दुसऱ्या अध्यायात तिला मुलासह घराबाहेर काढले जाते, मसकीतले पाणी संपते, ती मुलाला झुडपाखाली ठेवून बाणाच्या टप्प्याइतकी दूर जाऊन बसते, आणि पुन्हा तीच हाक येते, नाव घेऊन: हागारे, तुला काय झाले? देवाने मुलाचा आवाज ऐकला, असे शास्त्र म्हणते. पण विचारपूस आईची होते. आणि त्या कथेच्या अगदी शेवटी, जिथे वाचक सहसा पान उलटतो, तिथे लिहिले आहे की त्याच्या आईने त्याला मिसर देशातली बायको करून दिली. इतकी वर्षे परक्या तंबूंत काढून, रानात मूल वाढवून, ती मिसरी बाई आपला देश विसरली नव्हती. माझ्या कीर्तनाचा आधार मला त्या एका वाक्यात मिळाला.

दूत तिला परत जाऊन धनिणीच्या हाताखाली राहायला सांगतो, ही गोष्ट मी गाळली नाही, तरी ती मला आजही बोचते. वहिनींशी माझा यावर वाद झाला. छळाकडे परत पाठवणे हे कीर्तनात बोधवाक्य म्हणून येता कामा नये, समोर बसलेल्या बायकांतली एखादी ते आपल्यासाठी आज्ञा म्हणून घरी घेऊन जाईल, असे माझे म्हणणे होते. शेवटी निरूपणात मी तसे स्पष्टच सांगितले.

आख्यानातली पदे साकी आणि दिंडी या वृत्तांत बांधली, मात्र हागारेचे स्वगत मला जात्यावरच्या ओवीतच ऐकू येत होते, आजीच्या आवाजात. त्यातली एक ओवी अशी उतरली:

घरी मी राबले, कुणी नाही घेतलं नाव,
रानात विहिरीपाशी देवानं पुसला ठाव.

ही ओवी पूर्ण झाली त्या सकाळी मुलीला ताप होता, थोरल्याचा डबा राहिला होता आणि मी कागद पिठाच्या डब्याखाली सरकवून कामाला लागले. तरीही दिवसभर माझ्या चालण्यात काही निराळे होते असे सासूबाई म्हणाल्या. त्या सुरुवातीला मला म्हणत असत, "लेकरं मोठी होईपर्यंत बाईचं आपलं असं काही नसतं गं." त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नसे, आपल्याला जे मिळाले नाही ते मागता येते हेच त्यांना माहीत नव्हते. पुढे पहाटे दुधाची पातेली चढवणे त्यांनी आपणहून सुरू केले, आणि एकदा बंद दाराबाहेरून मला सांगितले, की तिसऱ्या कडव्यात तू घाई करतेस.

पूर्वरंगासाठी मी आपल्याकडच्या दोन आयांचा दाखला घ्यायचे ठरवले. लक्ष्मीबाई टिळकांचा घेणे सोपे होते. घर, पोटची मुले, पोरकी म्हणून घरात आणलेली मुले, हे सर्व सांभाळणाऱ्या या बाईने १९१९ मध्ये टिळक वारल्यावर त्यांचे अपुरे राहिलेले ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र स्वतः लिहून पुरे केले. पंडिता रमाबाईंचा दाखला मात्र मला महिनाभर छळत राहिला. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांचा व लहानग्या मनोरमेचा एकाच दिवशी बाप्तिस्मा झाला. मुलीच्या धार्मिक शिक्षणाबद्दल तिथल्या मठातल्या सिस्टरांशी त्यांनी पत्रांतून झगडा केला आणि आई म्हणून आपला अधिकार सोडला नाही. पण शिक्षणासाठी आणि कामासाठी त्या मनोरमेपासून लांबही राहिल्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबल आणण्याचे काम त्यांनी १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत केले, आणि त्याच्या आदल्याच वर्षी मनोरमा वारली होती. रमाबाईंना केवळ थोर म्हणून हात जोडणे मला पुरेसे वाटेना. त्यांनी दोन्ही धरून ठेवले, आणि दोन्हीची किंमत आई व मुलगी या दोघींनी मोजली, असेच मी कीर्तनात म्हटले. त्यावर काही जण नाराज झाले.

नाराजी त्याआधीही आली होती. कीर्तनासाठी मुख्य सभागृह मागितले तेव्हा समितीतल्या एका सदस्यांनी सुचवले, की तुम्ही लहान मुलांच्या आई आहात, तेव्हा शब्बाथ शाळेचा, म्हणजे मुलांच्या रविवारच्या वर्गाचा, कार्यक्रम बसवा, तो तुम्हाला जास्त शोभेल. शब्बाथ शाळा मी तीन वर्षे घेतली आहे आणि ते काम मला प्रिय आहे. परंतु आई असणे हे माझ्या प्रत्येक देणगीचे शेवटचे ठिकाण ठरवून टाकण्याचे कारण होऊ शकत नाही, असे मी लिहून कळवले. त्या पत्रात मी लूकाच्या ११ व्या अध्यायातल्या बाईची आठवण दिली. गर्दीतून ती ओरडून म्हणते, की ज्या उदराने तुला वाहिले ते धन्य. आणि प्रभू उत्तर देतो, की त्यापेक्षा देवाचे वचन ऐकून पाळणारे धन्य. आपल्या आईचा मान त्याने कमी केला असे मला वाटत नाही. तिला उदराहून मोठी ठरवले, असे मी समजते. सभागृह मिळाले, मुख्य नव्हे, मागचे.

कीर्तनाच्या दिवशी सत्तरएक बायका आणि काही पुरुष आले. पेटी मी वाजवली नाही, ती भगिनी मंडळातल्या एका विद्यार्थिनीने सांभाळली. मी चिपळ्या घेऊन उभी राहिले. पूर्वरंगात आवाज दोनदा बसला. दूताची हाक आली तेव्हा मी ठरवल्याप्रमाणे पद थांबवले, "हागारे" एवढेच म्हटले आणि चार मात्रा पूर्ण शांतता ठेवली. त्या शांततेत माझी मुलगी सासूबाईंच्या मांडीवरून मोठ्याने रडली आणि मी वळून पाहिले नाही. नंतर तिला मी खूप वेळ छातीशी धरून बसले होते.

त्यानंतर भगिनी मंडळाच्या हजेरीवहीत आम्ही बदल केला. जुन्या वहीत ४३ नावांपैकी बहुतेक पतीच्या नावापुढे "सौ." लावून लिहिलेली होती. प्रत्येकीला तिचे नाव विचारून ते नव्या वहीत लिहायला तीन बैठका लागल्या. एका आजींनी दोनदा मुलाचे नाव सांगितले आणि तिसऱ्यांदा, जरा थांबून, स्वतःचे. ते त्यांनी मला दोनदा मोठ्याने वाचून दाखवायला लावले.

आवारात मला अजूनही मुलांची मम्मी म्हणूनच हाक येते, आणि मी आधीसारखीच ओ देते. पहाटेची चाळीस मिनिटे आठवड्यातून चार दिवसच जमतात. परीक्षांच्या दिवसांत तीही बुडतात. नोकरीचा विचार धाकटी शाळेत गेल्यावर करीन. सध्या नाताळाआधीच्या येत्या आगमनकाळासाठी हन्नेचे आख्यान लिहिते आहे. मागून घेतलेला शमुवेल तिने शिलोच्या मंदिरात देऊन टाकला, आणि दरवर्षी यज्ञासाठी जाताना ती त्याच्यासाठी लहानसा झगा शिवून नेत असे. त्या झग्याचे पद तीन आठवडे अडले आहे. वर्षभर डोळ्यांआड असलेल्या, रोज वाढणाऱ्या मुलाचे माप हन्ना कशावरून घेत असेल, शेजारच्या कुणाच्या मुलाला उभे करून, की मागच्या वर्षीच्या झग्यात चार बोटे मिळवून, हे मला अजून ठरवता आलेले नाही.